एआरचं डिझाइन करायचंय? आधी झेरॉक्सच्या दुकानात जा

एआर म्हणजे ऑगमेंटेड रिअ‍ॅलिटी, समोरच्या खऱ्या दृश्यावर बाण, सूचना, चित्रं तरंगताना दाखवणं. एआर म्हटलं की लोकांना वाटतं आधी महागडा हेडसेट पाहिजे, थ्रीडी येणारा कुणीतरी पाहिजे, मगच सुरुवात. साफ चूक! गूगल ग्लासचा, म्हणजे गूगलच्या डोळ्यांसमोर माहिती दाखवणाऱ्या चष्म्याचा, पहिला कच्चा नमुना गूगलच्या टॉम ची यांनी एका दिवसात जुळवला होता, कपड्यांचा हँगर, छोटा प्रोजेक्टर आणि पारदर्शक प्लास्टिक वापरून.

माझं लाडकं साधन त्याहून साधं. स्पायरल बाइंडिंगला वरून लावतात ती ए-फोर पारदर्शक शीट आणि एक मार्कर, बास. शीट आडवी धरून हात लांब करा, डोळ्यांपासून साधारण 60 सेंटीमीटर, म्हणजे ती नजरेत सुमारे 28 अंश रुंद आणि 20 अंश उंच भरते. 2016 च्या पहिल्या होलोलेन्सची, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या एआर हेडसेटची, चित्र दिसण्याची खिडकी साधारण 30 बाय 17.5 अंशांची होती, म्हणजे जवळपास तेवढीच! जाहिरातीत अख्खी खोली होलोग्रामने भरलेली दाखवतात, त्याला भुलू नका, घालणाऱ्याला दिसायचा तो एवढाच तुकडा.

आता शीटवर बाण काढा आणि आरपार समोरच्या दाराकडे बघा. बाण दोन दिसतात ना? आपल्या डोळ्यांमध्ये साधारण 63 मिलिमीटर अंतर असतं, 60 सेंटीमीटरवरच्या वस्तूकडे बघताना दोन्ही डोळे आत वळतात, नजरांमध्ये 6 अंशांचा कोन होतो, लांब बघताना मात्र नजरा जवळपास समांतर होतात, मग प्रत्येक डोळ्याला बाण दाराच्या वेगळ्या जागेवर दिसतो आणि मेंदूला ते दोन बाण एक करता येत नाहीत. शिवाय डोळ्याचं भिंग दारावर फोकस झालेलं, त्यामुळे बाण धूसरही होतो. खऱ्या हेडसेटमध्ये दोन्ही डोळ्यांना किंचित वेगळी चित्रं देऊन हा कोन जुळवतात, आणि होलोलेन्समध्ये फोकसचं अंतर सुमारे 2 मीटरवर बांधलेलं असतं. आपल्याकडे तो उपाय नाही, म्हणून शीटची चाचणी घेताना एक डोळा मिटायचा.

आता एआरमध्ये जे दाखवायचंय ते कागदाच्या चिठ्ठ्यांवर काढा. जे दाराचंच आहे, म्हणजे दारालाच चिकटून राहायला हवं, त्याची चिठ्ठी सरळ दारावर चिकटवा. जे नजरेबरोबर फिरायला हवं ते टोपीच्या पुढच्या कडेला तार लावून लटकवा आणि घरभर फिरून या, जिना उतरताना ती चिठ्ठी नेमकी पायरीवर येते की नाही ते लगेच कळतं. एका मित्राला कॉम्प्युटर करा, तुम्ही हवेत बोट टेकवलं की त्याने चिठ्ठी बदलायची, या पद्धतीला 'विझर्ड ऑफ ऑझ' म्हणतात. बटणाची चिठ्ठी एकदा खांद्याच्या उंचीवर टांगून बघा, थोड्याच वेळात हात भरून येतो आणि मित्राला तुम्ही स्वतःच सांगता की घे बाबा खाली.