ठासणीच्या रिव्हॉल्व्हरचे काडतूस-रूपांतर

सुटी दारू, शिशाची गोळी आणि घाव बसताच ठिणगी पाडणारी तांब्याची टोपी यांवर चालणाऱ्या रिव्हॉल्व्हरमध्ये फेरफार करून त्यात धातूचे सबंध काडतूस बसेल अशी सोय करणे, याला काडतूस-रूपांतर म्हणतात. हा प्रकार मुख्यतः अमेरिकेत १८६८ ते १८७३ या काळात जोरात होता. कोल्ट आणि रेमिंग्टन या कारखान्यांची रूपांतरे सर्वांत प्रसिद्ध आहेत. जुने हत्यार नव्या दारूगोळ्यासाठी सुधारून घेणे एवढाच याचा अर्थ वरवर दिसतो. पण तंत्र हाताशी असताना हे काम दहा-बारा वर्षे अडून राहिले ते एका पेटंटपायी, आणि रूपांतरांच्या चित्रविचित्र घडणीचा उलगडाही त्या पेटंटातच होतो.

‘काडतूस’ म्हटले की मराठी वाचकाला शाळेतले १८५७ आठवते. ते काडतूस कागदाचे होते. आत दारू आणि गोळी, टोक दाताने तोडायचे, दारू नळीत ओतायची आणि गजाने ठासायची. या नोंदीतले काडतूस वेगळे. पितळेच्या किंवा तांब्याच्या नळकांडीत दारू, गोळी आणि ठिणगी पाडणारे रसायन एकत्र बंद केलेले असते. ठासण्याचा प्रश्नच उरत नाही. कोकणात शेतराखणीसाठी ठेवलेली ठासणीची बंदूक ज्याने भरताना पाहिली आहे, त्याला दोन्हींतला फरक वेगळा सांगावा लागणार नाही.

सॅम्युएल कोल्टने १८३६ मध्ये अमेरिकेत पेटंट घेतलेले रिव्हॉल्व्हर म्हणजे एका परीने ठासणीचीच बंदूक, फक्त एका नळीमागे पाच-सहा घरांचे फिरते सिलिंडर. १८५१ चे ‘नेव्ही’ (नळीचे माप ०.३६ इंच) आणि १८६० चे ‘आर्मी’ (०.४४ इंच) ही त्याची सर्वांत गाजलेली रूपे. भरण्याची रीत सगळ्यांत सारखीच. घोडा (चाप दाबल्यावर टोपीवर आदळणारा खटका) अर्धा ओढून सिलिंडर मोकळे करायचे, एकेका घरात पुढून दारू ओतायची, वर गोळी ठेवायची आणि नळीखालचा दांडा खेचून ती आत दाबायची. गोळी घरापेक्षा किंचित मोठी असते, त्यामुळे दाबताना तिच्या कडेचे शिसे तासले जाऊन बारीक कडे निघते. कडे सबंध निघाले की गोळी घट्ट बसली असे समजायचे. मग घराच्या तोंडाशी चरबी लावायची, नाहीतर एका घराची आग शेजारच्या घरात शिरून दोन-तीन बार एकदम उडण्याची धास्ती असते. शेवटी मागच्या प्रत्येक तोटीवर एक टोपी चढवायची. सहाही घरे अशी भरायला कित्येक मिनिटे जात. कागदी काडतुसे वापरली तर वेळ थोडा वाचे, पण टोप्या सुट्याच राहत. फुटलेल्या टोपीचा कपटा घोड्याच्या फटीत पडून यंत्रणाच अडकणे हे तर रोजचेच.

युरोपात तोवर पुढची पायरी आली होती. फ्रान्समध्ये लफोशो घराण्याने पिनफायर (कडेला बाहेर आलेल्या पिनेवर घाव बसून उडणाऱ्या) काडतुसाचे रिव्हॉल्व्हर बाजारात आणले होते आणि १८५८ च्या सुमारास फ्रेंच नौदलाने ते स्वीकारलेही. अमेरिकेत मात्र ३ एप्रिल १८५५ रोजी रोलिन व्हाइट या कारागिराला पेटंट क्रमांक १२,६४८ मिळाले. त्याने काढलेले रिव्हॉल्व्हर गुंतागुंतीचे होते, व्यवहारात चालण्यासारखे नव्हते. पण त्या कागदात एक कलम होते : सिलिंडरची घरे या टोकापासून त्या टोकापर्यंत आरपार पाडणे. काडतूस मागून घालायचे तर घर आरपार हवेच. एवढे एक भोक व्हाइटच्या मालकीचे झाले आणि बाकी सगळ्यांचा रस्ता बंद झाला.

होरेस स्मिथ आणि डॅनिएल वेसन या बंदूककारांनी हे नेमके हेरले. नोव्हेंबर १८५६ मध्ये त्यांनी व्हाइटशी करार केला. दर रिव्हॉल्व्हरमागे २५ सेंट त्याला द्यायचे, आणि पेटंटावर कोणी अतिक्रमण केले तर खटला व्हाइटने आपल्या खर्चाने लढायचा. हे दुसरे कलम व्हाइटला फार महागात पडले. १८५७ मध्ये स्मिथ अँड वेसनचे पहिले, ०.२२ इंची सात गोळ्यांचे रिव्हॉल्व्हर आले. ते लहानसेच होते, पण अमेरिकेच्या यादवी युद्धात (१८६१-६५) सैनिकांनी ते पदरच्या पैशाने घेतले. नक्कल करणारेही निघाले. व्हाइटने त्यांच्यावर दावे लावले आणि तो जिंकला. सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्तींची मते समसमान पडली, त्यामुळे खालचा निकाल कायम राहिला. हरलेल्या काही कारखान्यांना शिल्लक मालावर ‘स्मिथ अँड वेसनसाठी बनवलेले’ असा शिक्का मारावा लागला. कुणी पळवाटा काढल्या. काडतूस पुढूनच घालायचे आणि त्याच्या बुडाचे बोंड मागच्या बारीक छिद्रातून डोकावेल असे करायचे, ही मूर नावाच्या कारखान्याची युक्ती.

कोल्ट १८६२ मध्ये वारला. युद्ध संपले तेव्हा त्याच्या हार्टफर्डच्या कारखान्यात सुट्या भागांचे ढीग होते आणि सैन्याकडे लाखावर ठासणीची रिव्हॉल्व्हर होती. नवीन काही करावे तर पेटंट आडवे, जुने टाकावे तर नुकसान. या कोंडीतूनच रूपांतराची कल्पना पुढे आली.

रेमिंग्टनने सरळ मार्ग धरला. १८६८ मध्ये स्मिथ अँड वेसनला मानधन देऊन त्यांनी आपल्या ‘न्यू मॉडेल आर्मी’ची ०.४६ इंची रिमफायर (बुडाच्या काठावर घाव बसून उडणाऱ्या) काडतुसाची आवृत्ती काढली. मूळचे सिलिंडर सहा घरांचे, नवे पाचच घरांचे. काडतुसाच्या बुडाला बाहेर आलेला काठ असतो आणि सहा काठ त्या परिघात मावत नाहीत. तरीही मोठ्या मापाचे काडतुसी रिव्हॉल्व्हर अमेरिकन बाजारात आणण्यात रेमिंग्टनने खुद्द पेटंटधारकालाच मागे टाकले. स्मिथ अँड वेसनचे मोठे ‘मॉडेल ३’ १८७० मध्ये आले.

कोल्टने मानधन द्यायचे टाळले आणि आडवाट धरली. कारखान्यातल्या अलेक्झांडर थुअरने १५ सप्टेंबर १८६८ रोजी पेटंट घेतलेली रचना या सगळ्या प्रकरणातली सर्वांत चमत्कारिक वस्तू आहे. काडतूस मागून घालायचे नाही ना, मग ते पुढूनच घालू! थुअरच्या काडतुसाला काठ नाही. ते बुडाशी निमुळते असते आणि गोळीसारखेच नळीखालच्या दांड्याने घरात दाबून बसवायचे. सिलिंडरच्या मागे एक फिरते कडे असते. ते एका स्थितीत ठेवले की घोड्याचा घाव काडतुसाच्या बुडावर बसतो. कडे ‘ई’ अक्षरावर फिरवले की तोच घाव काडतुसाला पुढच्या बाजूने बाहेर ढकलतो. म्हणजे रिकामे काडतूस काढायलाही घोडा ओढून चाप दाबायचा, आणि ते हट्टाने बसले असेल तर पुन्हापुन्हा दाबायचा. हे गैरसोयीचे होते यात वाद नाही, पण त्याची एक बाजू उपयोगाची होती. जुने सिलिंडर सोबत ठेवले की काडतुसे संपल्यावर पुन्हा सुटी दारू भरता येई, आणि जिथे दुकान शेकडो मैलांवर तिथे हा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाही. अशी सुमारे ५,००० शस्त्रे निघाली आणि तो प्रकार तिथेच थांबला.

३ एप्रिल १८६९ रोजी पेटंटची मुदत संपली. व्हाइटने ती वाढवून घ्यायचा प्रयत्न केला. अमेरिकन काँग्रेसने (संसदेने) त्याच्या बाजूने विधेयकही संमत केले, पण जानेवारी १८७० मध्ये राष्ट्राध्यक्ष युलिसिस ग्रँट यांनी ते नाकारले. या पेटंटमुळे युद्धकाळात सरकारची अडचण झाली होती, असे सैन्याच्या शस्त्रविभागाचे प्रमुख डायर यांचे म्हणणे होते. ग्रँट स्वतः त्या युद्धाचे सेनापती. त्यांना ते पटायला वेळ लागला नसावा.

वाट मोकळी झाल्यावर कोल्टच्या चार्ल्स रिचर्ड्‌सने जी पद्धत बसवली (पेटंट २५ जुलै १८७१) तीच आज ‘रूपांतर’ म्हटल्यावर डोळ्यांसमोर येते. सिलिंडरचा तोट्या असलेला मागचा भाग कापून टाकायचा आणि घरे आरपार करायची. कापलेल्या जागी पोलादाची जाड चकती बसवायची. तिच्यात उजवीकडे काडतूस घालायचे झाकण, मध्ये स्प्रिंगवरची फायरिंग पिन (काडतुसाच्या बुडावर आदळणारा खिळा) आणि वर नेम धरायची खाच. ठासायचा दांडा काढून त्याच जागी रिकामी काडतुसे ढकलणारा गज लावायचा. खाचेची गोष्ट बारकाईने पाहण्याजोगी आहे. ठासणीच्या कोल्टला मागची खाच घोड्याच्याच माथ्यावर असे, म्हणजे घोडा पूर्ण ओढल्याशिवाय नेमच धरता येत नसे. रिचर्ड्‌सने ती घोड्यावरून उचलून चकतीवर नेली. पुढे विल्यम मेसनने (पेटंट २ जुलै १८७२) गजाची रचना सोपी केली. रिचर्ड्‌स-मेसन प्रकारात खाच पुन्हा घोड्यावर गेली आणि फायरिंग पिनही घोड्यालाच जोडली गेली. घडण स्वस्त झाली. अमेरिकन सैन्याने आपल्याकडची सुमारे १,२०० ‘आर्मी’ रिव्हॉल्व्हर रिचर्ड्‌स पद्धतीने बदलून घेतली, नौदलानेही आपली ‘नेव्ही’ कोल्टकडे धाडली. कारखान्याबाहेर गावोगावच्या बंदूक दुरुस्त करणाऱ्यांनी जे केले त्याची मोजदाद नाही. म्हणूनच संग्राहकांच्या बाजारात बनावट ‘जुनी रूपांतरे’ खपतात आणि भागांवरचे क्रमांक जुळवून पाहिल्याशिवाय जाणकार हात लावत नाहीत.

या शस्त्रांचा एक दोष रूपांतराने जाण्यासारखा नव्हता. कोल्टच्या सांगाड्याला वरून पट्टी नाही. नळी आणि सांगाडा यांना एक आडवी पाचर धरून ठेवते. पाचर झिजली की नळी हलू लागते. रेमिंग्टनला वरची पट्टी पहिल्यापासून होती. कोल्टने १८७२ मध्ये मुळातूनच काडतुसासाठी बांधलेले ‘ओपन टॉप’ सैन्यापुढे ठेवले, तेही बिनपट्टीचे. सैन्याने पट्टी आणि मोठे माप मागितले. त्यातून १८७३ चे ‘सिंगल अॅक्शन आर्मी’ (०.४५ इंच) आले आणि रूपांतरांची गरज संपली. शिल्लक भाग संपेपर्यंत ती पुढेही काही वर्षे विकली गेली. ब्रिटनमध्ये व्हाइटचे पेटंट लागू नसल्यामुळे एवढे नाट्य घडले नाही. तिथल्या सैन्याने १८६८ पासून आपली बोमाँट-अॅडम्स रिव्हॉल्व्हर ०.४५० इंची काडतुसासाठी बदलून घेतली.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हा विषय पुन्हा जिवंत झाला तो इटलीमुळे. गार्दोने वाल त्रोम्पिया या बंदूककारांच्या गावातला उबेर्ती आणि गुस्सागोतला पिएत्ता हे कारखाने जुन्या कोल्ट-रेमिंग्टनच्या हुबेहूब प्रती करतात. त्यांत बसणारी तयार काडतुसी सिलिंडरे अमेरिकेत विकत मिळतात. ती काळ्या दारूच्या किंवा तेवढ्याच सौम्य काडतुसांसाठीच असतात, कारण सांगाडा जुन्याच हिशेबाचा असतो. कायद्याच्या नजरेतही सिलिंडर बदलले की वस्तू बदलते. अमेरिकेच्या १९६८ च्या संघीय कायद्यानुसार ठासणीची प्रत ‘पुरातन’ गणली जाते, पण काडतुसी सिलिंडर चढवले की ते सरळ अग्निशस्त्र ठरते. भारतात प्रश्नच वेगळा. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ६ प्रमाणे नळी आखूड करणे, खोट्या शस्त्राचे खरे करणे, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका प्रवर्गातले शस्त्र दुसऱ्या प्रवर्गात नेणे, या सगळ्याला परवाना लागतो.

रूपांतरांची एक खूण मात्र आजही रोजच्या वापरात आहे. ‘नेव्ही’ ०.३६ इंची म्हणवत असले तरी त्याच्या नळीचे आतल्या वळणदार खाचांपर्यंतचे माप ०.३७५ इंचाच्या आसपास भरते. त्या नळीत घट्ट जाणारी गोळी काडतुसाच्या नळकांडीइतकीच जाड हवी. मग गोळीची मागची टाच बारीक करून तेवढीच नळकांडीत खोवायची, असा तोडगा निघाला आणि काडतुसाचे नाव ‘०.३८’ पडले. पुढे रूपांतरे गेली, गोळी सबंध नळकांडीच्या आत सरकली आणि साहजिकच बारीक झाली, पण नाव कोणी बदलले नाही. आजच्या पॉइंट ३८ स्पेशलची गोळी प्रत्यक्षात ०.३५७ इंचाची असते. १९३५ मध्ये त्याच नळकांडीची लांबी वाढवून अधिक जोराचे काडतूस काढले, तेव्हा कुठे खरे माप नावात आले : ०.३५७ मॅग्नम.