डोळे पिवळे न करणारी कावीळ

पावसाळ्यात विहिरींचं पाणी गढूळ झालं की कोकणात कावीळ सुरू होते. मग परड्यातली भुईआवळी उपटून तिचा रस काढायचा, तेलतूप बंद करायचं, आणि काही आठवड्यांत माणूस हिंडूफिरू लागतो. दूषित पाण्यातून येणारी ही कावीळ हिपॅटायटिस ए किंवा ई विषाणूंची. रस न पिताही ती बहुतेकांची बरी होतेच. श्रेय भुईआवळीला मिळतं. गरोदर बाईच्या जिवावर ई बेतू शकतो, हे खरं. पण या काविळीतून यकृताचा कॅन्सर होत नाही.

तिथवर नेतात ते हिपॅटायटिस बी आणि सी. ते रक्तातून येतात: दुसऱ्याला टोचलेली सुई, उसना वस्तरा, जत्रेत एकाच सुईने गोंदलेले हात. बी शरीरसंबंधातून आणि बाळंतपणात आईकडून बाळालाही लागतो. मोठ्या वयात बी लागला तर १०० पैकी ९५ जण त्याला परतवतात. जन्मताच लागण झालेल्या बाळांपैकी सुमारे ९० टक्क्यांच्या अंगात मात्र तो मुक्काम ठोकतो. डोळे पांढरेच राहतात, मग शंका कुणाला येणार?

विषाणू स्वतः यकृताच्या पेशी फारशा मारत नाही. त्याला हुसकायला निघालेली आपलीच प्रतिकारशक्ती त्या मारते. मेलेल्यांच्या जागी नव्या पेशी येतात, त्याही मरतात, आणि हे वीस-तीस वर्षं चालतं. दर विभाजनात डीएनएची नक्कल होते, नकलेत चुका राहतात. सोबत व्रणाचे तंतू साचत जाऊन मऊ यकृत जांभ्यासारखं खडबडीत, टणक होतं, हाच सिरॉसिस. सी बहुधा याच वाटेने कॅन्सरपर्यंत जातो. बीकडे आडवाटही आहे: तो आपल्या डीएनएचे तुकडे पेशीच्या डीएनएत घुसवतो, त्यामुळे सिरॉसिस नसतानाही कॅन्सर होऊ शकतो.

दारू यात भर घालते, हे सगळे जाणतात. बुरशीचं कुणी बोलत नाही. दमट हवेत शेंगदाण्यावर, खोबऱ्यावर येणाऱ्या काही बुरशी अफ्लाटॉक्सिन हे विष तयार करतात. ते पेशींना कॅन्सरपासून राखणारं पी५३ हे जनुक बिघडवतं, आणि बी असलेल्याला त्याचा धोका कितीतरी पटींनी जास्त. बुरसलेले दाणे निवडून, भाजून खाण्यातली काटकसर महागात पडू शकते.

भुईआवळीची परीक्षाही झालेली आहे. बी विषाणूच्या शोधासाठी १९७६ साली नोबेल मिळवणारे बारूक ब्लूमबर्ग यांनी मद्रासच्या संशोधकांसोबत ती बीवर तपासली. १९८८ चे निष्कर्ष आशादायक होते. पुढच्या चाचण्यांत मात्र तो गुण दिसला नाही.

लशीचा गुण दिसला. तैवानने १९८४ पासून नवजात बाळांना बीची लस दिली आणि तिथल्या मुलांमधला यकृताचा कॅन्सर घटला. आपल्याकडे ती २०११ पर्यंत देशभरातल्या सरकारी लसीकरणात आली. पहिला डोस जन्मापासून २४ तासांत द्यायचा असतो. २०११ आधी जन्मलेल्यांनी एकदा एचबीएसएजी (बीसाठी) आणि अँटी-एचसीव्ही (सीसाठी) या रक्ततपासण्या कराव्यात. २०१८ पासूनच्या राष्ट्रीय कार्यक्रमात तपासणी आणि औषधं मोफत आहेत. सी बहुतेकांचा १२ आठवड्यांच्या गोळ्यांनी पूर्ण जातो. बी सहसा जात नाही, गोळ्यांनी दबून राहतो. सिरॉसिस झालेला असेल तर सी गेल्यावरही दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करावी लागते.