विशारद झाल्यावर पुढे काय? प्रश्न सव्वाशे वर्षांचा

संगीत विशारद ही परीक्षा पास होऊनही मुलगा किंवा मुलगी शेवटी शिकवण्याच घेते, अशी खंत पालक बोलून दाखवतात. इतिहास पाहिला तर या खंतीत फारसा अर्थ नाही. विशारदसारख्या परीक्षांची ही शिक्षणपद्धती उभी राहिली तीच मुळात शिक्षक घडवण्यासाठी.

त्याआधी गवयाची पोटापाण्याची सोय संस्थानिक पाहत. बडोद्यात मौलाबक्षांची गायनशाळा १८८६ मध्ये निघाली, तीही गायकवाडांच्या आश्रयाने. विष्णु दिगंबर पलुस्करांनी ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले ते मात्र देणग्या, फी आणि जलशांच्या तिकिटांच्या भरवशावर. ठरलेला अभ्यासक्रम, छापील पुस्तके, परीक्षा हा सगळा थाट शाळेचा होता. निवडक विद्यार्थ्यांना ते जवळ ठेवून, जेवूखाऊ घालून तयार करत आणि गावोगाव शिकवायला पाठवत. तानसेन नाही तरी कानसेन घडवीन, हे त्यांच्या नावावर सांगितले जाणारे वाक्य प्रसिद्धच आहे. त्या कानसेनांना घडवणार कोण, तर हेच विद्यार्थी. १९०८ मध्ये मुंबईत शाखा निघाली. पुढे तिथली वास्तू कर्जापायी गेली, पण माणसे तयार झाली होती.

त्यांच्या वाटा पाहण्यासारख्या आहेत. विनायकराव पटवर्धन बालगंधर्वांच्या नाटक मंडळीत गायक नट म्हणून गाजले आणि रंगभूमी सोडून १९३२ मध्ये पुण्यात स्वतःचे गांधर्व महाविद्यालय चालवू लागले. बी. आर. देवधरांनी मुंबईत स्कूल ऑफ इंडियन म्युझिक काढले. शंकरराव व्यास चित्रपटांकडे वळले. ‘रामराज्य’चे (१९४३) संगीत त्यांचे. ओंकारनाथ ठाकूर मैफली गाजवत असतानाच बनारस हिंदू विद्यापीठात संगीताचे प्रमुख झाले. एका माणसाचे एकाच उत्पन्नावर भागले असे क्वचितच दिसते.

मग रेडिओ आला आणि पगारी नोकरीचे नवे दार उघडले. बाळकृष्ण केसकर माहिती व नभोवाणी मंत्री असताना, १९५२ पासून, आकाशवाणीची ध्वनिचाचणी (ऑडिशन) आणि तिच्यावरून कलावंताला श्रेणी देण्याची पद्धत रुजली. तिथे प्रमाणपत्राला किंमत नव्हती, माइकसमोरच्या गाण्याला होती. पदवी आणि मैफल यांची फारकत इथे उघडी पडली, असे मला वाटते.

दरम्यान १९३१ मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाने प्रारंभिक ते अलंकार अशी परीक्षांची शिडी गावोगाव नेली. आता दहावीला शास्त्रीय कलेचे वाढीव गुण मिळतात, त्यामुळे खाजगी क्लासला विद्यार्थी कमी पडत नाहीत. परदेशातल्या मराठी घरांतली मुले ऑनलाइन शिकतात ती वेगळीच. (गुण पदरात पडले की यातली किती मुले तंबोरा खाली ठेवतात, हे कुठल्याही क्लासवाल्या बाईंना विचारावे.) महाविद्यालयात शिकवायचे असेल तर मात्र नुसते विशारद पुरत नाही, साधारणपणे विद्यापीठाची एम.ए. आणि वर नेट, सेट या पात्रता परीक्षांपैकी एक किंवा पीएच.डी. लागते.