जलाशयाच्या तळाला ऑक्सिजन : पार्श्वभूमी

तळाचे पाणी ऑक्सिजनविना राहिले की गाळातील लोह, मॅंगनीज आणि फॉस्फरस पाण्यात उतरतात, हे पाणीपुरवठ्याच्या क्षेत्रात फार पूर्वीपासून माहीत होते. त्यावरचा जुना उपाय म्हणजे वरच्या पातळीच्या दरवाजातून पाणी उचलणे आणि उरलेले काम शुद्धीकरण केंद्रावर क्लोरीन किंवा पोटॅशियम परमॅंगनेटने उरकणे. जलाशयातच उपचार करण्याचा सुरुवातीचा ठळक प्रयोग १९४९ च्या सुमारास स्वित्झर्लंडमधील ब्रे सरोवरात झाला. लोझान शहराला पाणी पुरवणाऱ्या या सरोवराच्या तळाचे पाणी पंपाने काठावर आणून, त्यात हवा मिसळून, ते पुन्हा खाली सोडण्यात आले.

१९६० च्या दशकात दोन वाटा फुटल्या. लंडनभोवतीच्या जलाशयांत पाणी जोराच्या झोतांनी आत सोडून सगळे घुसळण्यावर भर होता, तर जर्मनीत बॉन परिसराला पाणी देणाऱ्या वानबाख जलाशयात १९६६ मध्ये वर उबदार आणि खाली थंड अशा पाण्याच्या थरांना धक्का न लावता केवळ तळाला हवा देण्यात आली. घुसळणे स्वस्त पडते आणि संथ पृष्ठभागावर माजणाऱ्या नील-हरित शेवाळाला ते अडचणीचे ठरते. पण त्यात तळाचे थंड पाणी तापते आणि तिथली पोषकद्रव्ये वर येतात. उथळ तलाव सोडले, तर पिण्याच्या पाण्यासाठी वानबाखची वाटच अधिक शहाणपणाची होती.

हवेच्या जागी शुद्ध ऑक्सिजन आला तो मुख्यतः विरघळण्याच्या गणितामुळे. १० अंश सेल्सिअसच्या पाण्यात साध्या वातावरणीय दाबाखाली हवेतून लिटरमागे सुमारे ११ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळू शकतो, शुद्ध ऑक्सिजनच्या संपर्कात मात्र पन्नासच्या वर. शिवाय हवेबरोबर तळाशी दाबाखाली नायट्रोजनही विरघळतो, आणि तो माशांना घातक ठरू शकतो.

या तंत्राचा खरा कस अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात, रोअनोक परिसराच्या जलाशयांवर लागला. स्प्रिंग हॉलो येथे १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात आणि कार्व्हिन्स कोव्ह येथे २००५ मध्ये तळालगत लांबलचक सच्छिद्र नळ्या अंथरल्या गेल्या. नळ्यांतून निघणारे बारीक बुडबुडे वर चढता चढताच विरघळून जावेत आणि उबदार व थंड पाण्यामधली सीमा फुटू नये, अशी ही रचना होती.

वादाचा मुद्दा निघाला तो संयंत्र किती क्षमतेचे असावे हा. उन्हाळ्यात तळाचा ऑक्सिजन रोज किती घटतो हे आधी मोजायचे आणि तेवढाच पुरवायचा, हा हिशेब वरवर बिनतोड वाटतो. प्रत्यक्षात ऑक्सिजन सोडला की तळाशी प्रवाह सुरू होतात, गाळावरचा स्थिर पाण्याचा पातळ पडदा आणखी पातळ होतो, ऑक्सिजन गाळात वेगाने शिरतो आणि मागणी स्वतःच वाढते. रोअनोकच्या मोजमापांत वायूचा प्रवाह वाढवला तसा खपही वाढलेला दिसला. पुढे काही वर्षांच्या अखंड वापरानंतर कार्व्हिन्स कोव्हमध्ये पाण्यातील मूळ मागणी ओसरत गेली, म्हणजे जुनी उधारी हळूहळू फिटत होती. तरीही पहिल्या काही हंगामांसाठी हात आखडून आखलेले संयंत्र ऐन गरजेच्या महिन्यांत अपुरे पडते, आणि मग दोष आराखड्याऐवजी तंत्राच्या माथी मारला जातो.

ऑक्सिजन दिल्याने फॉस्फरस गाळातच रोखला जातो का, ही शंका मात्र रास्त होती. स्वित्झर्लंडमधील बाल्डेग आणि झेम्पाख या सरोवरांत १९८० च्या दशकापासून हिवाळ्यात घुसळण आणि उन्हाळ्यात ऑक्सिजन असा क्रम चालला. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेला दहा वर्षांचा ताळेबंद सांगतो की गाळातून सुटणाऱ्या फॉस्फरसवर त्याचा परिणाम झाला नाही.

रोअनोकजवळच्या, १८९८ मध्ये बांधलेल्या फॉलिंग क्रीक जलाशयावर २०१२ मध्ये जी यंत्रणा बसली, तिची कल्पना ब्रे सरोवराचीच होती. फरक एवढाच की काठावर आणलेल्या पाण्यात दाबाखाली शुद्ध ऑक्सिजन मिसळून ते त्याच खोलीवर परत जाते. ही यंत्रणा आलटून पालटून चालू-बंद ठेवून पाहिल्यावर दिसले की लोह पटकन आटोक्यात येते, मॅंगनीज मात्र हटवादी असते. उदासीन सामूच्या पाण्यात त्याचे ऑक्सिडीकरण अतिशय सावकाश होते आणि ते बरेचसे सूक्ष्मजीवांवर अवलंबून असते. त्यामुळे तळाशी भरपूर ऑक्सिजन असूनही शुद्धीकरण केंद्रावर मॅंगनीज काढण्याची सोय तयार ठेवावीच लागते.