सिम्युलेशन आणि वॉर्ड: नर्सिंग शिक्षणातील ‘तासा’ची पार्श्वभूमी

नर्सिंगच्या विद्यार्थिनीने आधी बाहुलीवर हात बसवावा आणि मग रुग्णाजवळ जावे, ही पद्धत जुनी आहे. अमेरिकेतील हार्टफर्डच्या रुग्णालयात १९११ मध्ये मोठ्या माणसाच्या आकाराची बाहुली सरावासाठी आली. तोंडाने श्वास देण्याचा सराव करता येईल असा पुतळा १९६० मध्ये नॉर्वेतील एका खेळणी बनवणाऱ्याने तयार केला. ही साधने वॉर्डच्या पूर्वतयारीची होती.

वॉर्डच्या तासांतून सिम्युलेशनचे, म्हणजे पुतळ्यांवर आणि रचलेल्या प्रसंगांत केलेल्या सरावाचे तास वजा करावेत का, हा प्रश्न २०१४ मध्ये ऐरणीवर आला. अमेरिकेतील राज्यांच्या नियामक मंडळांच्या संघटनेने दहा अभ्यासक्रमांतील विद्यार्थ्यांचे तीन गट केले होते. एका गटाचे सिम्युलेशन १० टक्क्यांच्या आत राहिले, तर इतर दोन गटांचे अनुक्रमे २५ आणि ५० टक्के क्लिनिकल (रुग्णांजवळच्या कामाचे) तास सिम्युलेशनमध्ये गेले. परवाना परीक्षेच्या निकालात लक्षणीय फरक पडला नाही. आपल्याकडे यातले ‘निम्मे चालते’ एवढेच फिरले. प्रशिक्षित शिक्षक आणि प्रत्येक प्रसंगानंतरचे सविस्तर डीब्रीफिंग (काय बरोबर झाले, काय चुकले याची चर्चा) या अटी मागे पडल्या. इन्स्पेक्शनच्या आदल्या दिवशी जिथे मॅनिकिनवरचे (सरावाच्या पुतळ्यावरचे) प्लास्टिक निघते, त्या लॅबला हा निष्कर्ष लावणे धाडसाचे आहे. ब्रिटनने २०२३ मध्ये २,३०० प्रात्यक्षिक तासांपैकी ६०० तासांपर्यंतच सिम्युलेशनची मुभा दिली.

भारतात बी.एस्सी. नर्सिंगचा सेमिस्टर पद्धतीचा अभ्यासक्रम २०२१ मध्ये आला आणि गुंता ‘क्रेडिट’ (अभ्यासाचे तास मोजण्याचे एकक) या शब्दात शिरला. स्किल लॅबचे एक क्रेडिट ४० तासांचे, तर क्लिनिकलचे ८० तासांचे. त्यावरून लॅबमधला एक तास वॉर्डमधल्या दोन तासांच्या तोडीचा, असा अर्थ काही जण काढतात. तो बरोबर नाही. ही दोन्ही क्रेडिटे स्वतंत्रपणे पूर्ण करायची असतात. एकाची भरपाई दुसऱ्याने व्हावी म्हणून हे गुणोत्तर ठरवलेले नाही.

पुण्यात हा हिशेब अधिकच नाजूक होतो. मोठ्या रुग्णालयाच्या एकाच वॉर्डात सकाळी दोन-तीन कॉलेजांची पोस्टिंग असली, की एकाच आजोबांचे बीपी आठ जणी घेतात आणि आठ लॉगबुकांत आठ नोंदी होतात. सिम्युलेशनच्या बाजूने याहून सबळ मुद्दा नाही: लॅबमध्ये प्रत्येकीची पाळी येते आणि चूक झाली तर कोणाला इजा होत नाही. मात्र मॅनिकिनच्या हाताची शीर जागची हलत नाही. त्याच आजोबांना कॅन्युला (सलाईनसाठी शिरेत बसवायची बारीक नळी) लावताना सैल कातडीखालची शीर सुईपुढून सरकते, आणि ती अंगठ्याने ताणून धरायला वॉर्डातली सिस्टरच शिकवते.