गोवा, नाटो आणि हिंदी महासागर : पार्श्वभूमी

हिंदी महासागरातल्या सत्तास्पर्धेची चर्चा हल्ली चीनपासून सुरू होते. गोव्याला ती त्याच्या खूप आधीपासून ठाऊक आहे. दुसऱ्या महायुद्धात गोव्यावर राज्य करणारा पोर्तुगाल तटस्थ असतानाही मार्च 1943 मध्ये मुरगाव बंदरात आसऱ्याला आलेल्या जर्मन जहाजावर ब्रिटिशांनी छुपी धाड घातली, आणि आसपासची जहाजं खलाशांनी स्वतःच पेटवून बुडवली.

खरा गुंता 1949 नंतरचा. पोर्तुगाल नाटोचा, म्हणजे पाश्चात्त्य देशांच्या लष्करी युतीचा, संस्थापक सदस्य झाला, आणि त्या छत्राखाली गोवाही येतो असं लिस्बन सुचवू लागलं. करार वाचला तर तसं काही दिसत नाही. एकावरचा हल्ला तो सर्वांवरचा हल्ला, हे कलम 5 मध्ये आहे. पण त्याची हद्द कलम 6 ठरवतं. युरोप, उत्तर अमेरिका, आणि उत्तर अटलांटिकमधली कर्कवृत्ताच्या उत्तरेची बेटं. गोवा आहे साधारण 15 अंशांवर, अरबी समुद्रात. मग वाद उरला कशाचा? कलम 4 चा. कुठल्याही सदस्याच्या प्रादेशिक अखंडतेला धोका वाटला तर सर्वांनी विचारविनिमय करायचा, असं ते म्हणतं, आणि त्याला भूगोलाची अट नाही. लिस्बनने 1951 मध्ये घटना बदलून वसाहतींना ‘सागरपार प्रांत’ केलं होतं, त्यामुळे गोव्याचा प्रश्न थेट पोर्तुगालच्या अखंडतेचा म्हणून मांडता येत होता. लष्करी मदत मिळणार नव्हती, पण दिल्लीच्या मनात शंका राहणं लिस्बनच्या सोयीचं होतं.

ती शंका अमेरिकेने वाढवली. 1955 च्या हिवाळ्यात सोव्हिएत नेत्यांनी भारतदौऱ्यात गोव्याबाबत भारताच्या बाजूने उघड भूमिका घेतली. त्याला उत्तर म्हणून 2 डिसेंबरला अमेरिकी आणि पोर्तुगीज परराष्ट्रमंत्र्यांचं संयुक्त निवेदन आलं, आणि त्यात चक्क ‘पोर्तुगीज प्रांत’ असा उल्लेख होता. गोव्याच्या सीमेवर पत्रादेवीला पोर्तुगीजांनी सत्याग्रहींवर केलेल्या गोळीबाराला तेव्हा चार महिनेही झाले नव्हते. अटलांटिकमधल्या पोर्तुगीज अझोर्स बेटांवरचा तळ वॉशिंग्टनला हवा होता. त्याची किंमत गोमंतकीयांनी मोजली, असंच म्हणावं लागेल.

18 डिसेंबर 1961 ला, भारतीय सैन्य गोव्यात शिरल्यावर, सुरक्षा परिषदेत युद्धबंदी आणि सैन्य मागे घेण्याचा पाश्चात्त्य ठराव 7 विरुद्ध 4 मतांवर आला, आणि सोव्हिएत नकाराधिकाराने पडला. आपल्याकडे श्रेय त्या नकाराधिकारालाच जातं. पण विरोधी मतं आणखी तीन होती: सिलोन (आजची श्रीलंका), लायबेरिया आणि संयुक्त अरब प्रजासत्ताक (इजिप्त). हिंदी महासागराची व्यवस्था बाहेरच्यांनी ठरवू नये, हा सूर आधी या लहान देशांनी लावला आणि आपण त्यांना विसरलो, याची खंत वाटते.

पुढे 1971 मध्ये संयुक्त राष्ट्रांनी हा महासागर ‘शांततेचं क्षेत्र’ जाहीर केला. त्याच डिसेंबरात अमेरिकी विमानवाहू युद्धनौका बंगालच्या उपसागरात शिरली. हिंदी महासागरातल्या दिएगो गार्सिया बेटावरचा अमेरिकी तळ वाढतच गेला. 2017 मध्ये चीनने आफ्रिकेतल्या जिबूतीत तळ उघडला आणि श्रीलंकेतलं हंबनटोटा बंदर 99 वर्षांच्या भाडेपट्ट्याने घेतलं. त्याच वर्षी शेजारी देशांच्या नौदलप्रमुखांना एकत्र आणणारी परिषद गोव्यात सुरू झाली. मे 2023 मध्ये बाणावलीला रशिया, चीन आणि पाकिस्तानचे परराष्ट्रमंत्री शांघाय सहकार्य संघटनेच्या एकाच बैठकीला आले.

गोव्यातल्या दाबोळीच्या नौदल तळावर 1977 पासून समुद्रावर नजर ठेवायला सोव्हिएत बनावटीची विमानं होती. आता तिथे ते काम अमेरिकी बनावटीची पी-8आय करतात, आणि त्याच धावपट्टीवरून रशियन लढाऊ विमानं मिग-29केही उडतात.