पुलिकत: किल्ला का उभा राहिला?

पुलिकतला बहुतेक लोक रोहित पक्षी पाहायला जातात. चेन्नईच्या उत्तरेला सुमारे ६० किलोमीटरवरचं हे कोळ्यांचं गाव, तमिळमध्ये पळवेर्काडु. चिलिकाखालोखाल देशातलं सर्वांत मोठं खाऱ्या पाण्याचं सरोवर इथे समुद्राला मिळतं. या मुखापाशीच काटेरी झुडपांनी झाकलेला एक उंचवटा आहे. होडीत बसण्याआधी तिथे जरूर थांबा. तो डचांचा गेल्ड्रिया किल्ला.

पोर्तुगीज इथे आधीच आले होते. विजयनगरच्या वेंकटपतिरायाकडून १६१० मध्ये परवानगी मिळवून डचांनी वखार घातली, ती पोर्तुगीजांनी १६१२ मध्ये उद्ध्वस्त केली. म्हणून १६१३ मध्ये तटबंदी उभी राहिली, चेन्नईच्या सेंट जॉर्ज किल्ल्याच्या पाव शतक आधी. डचांना हवे होते मसाले. पण मसाल्याच्या बेटांवर मागणी होती ती या किनाऱ्यावरच्या रंगीत कापडाची. इथून कापड न्यायचं आणि तिथे लवंग-जायफळ घ्यायचं, असा तो हिशेब. पुढे किल्ल्यात नाणीही पाडली जात, गावात बंदुकीची दारूही बनत असे.

आणि माणसंही विकली जात. दुष्काळ पडला की पोटासाठी विकल्या गेलेल्या माणसांना जहाजात भरून बटाव्हियाला, म्हणजे आजच्या जकार्ताला, नेत. पुलिकतची गोष्ट सांगताना हे गाळू नये असं मला मनापासून वाटतं. दक्षिण दिग्विजयात, १६७७ मध्ये, शिवाजी महाराजांनी डचांना दिलेल्या कौलात स्पष्ट बजावलं होतं: आधीच्या अंमलात तुम्हाला गुलाम विकत घेता आणि नेता येत होते, हा मुलूख माझ्याकडे आहे तोवर ते चालणार नाही. हा मजकूर डचांच्याच दप्तरात टिकला. पुलिकत मात्र तेव्हा कुतुबशाहीत होतं.

१६९० मध्ये डचांनी मुख्य ठाणं नागपट्टणला हलवलं आणि पुलिकतचं महत्त्व घटलं. १८०६ मध्ये इंग्रजांनी किल्ला पाडला. १८२५ मध्ये गाव कायमचं त्यांच्याकडे गेलं.

शाबूत राहिली ती डचांची दफनभूमी, पुरातत्त्व खात्याच्या देखरेखीखाली. तिच्या प्रवेशद्वाराशी दोन्ही बाजूंना दगडात कोरलेले सांगाडे उभे आहेत.